अन्सेल्मोरावांच्या उजव्या हाताची हकीकत

श्री. जो वाटोळा, ज्यास पुढा ना पाठ, ज्याच्यामागे थोर थोर पुरुष अर्ध्या चड्डीत धावले, त्या चेंडूस प्रथम नमन. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, वैशाख वद्य सप्तमी, रविवार, ते दिवशी स्पेन मुलुखी वर्तले ते ऐसे.

त्या मुलुखी फुटबॉलची एक दौलत होती आणि तिचे बचावाचे सरदार अन्सेल्मोराव उर्रुतिया यांणी वीस वर्षे गोलाची राखण केली. शत्रूचा गडी चेंडू सुटण्याआधीच बचावाच्या फळीमागे जाऊन राहिला तर त्यास ऑफसाइड म्हणोन बाद धरावे, हा तेथील कायदा. मग शत्रू चालोन आला की रावांनी उजवा हात उभारोन फिर्याद करावी. गडी पुढे असो वा मागे, हात उभारावाच, आणि मुद्रा ऐसी निष्पाप की रेषेवरील पंचांनी निशाण उचलावे. त्यांत फुल्हेन्सिओपंत म्हणोन पंच फार भाविक. ऐसे कितीएक न्याय्य गोल त्या हाताने बुडविले, आणि प्रजेने रावांचा पुतळा उभारिला तोही हात वर केलेला. घरी रेमेदिओसबाई म्हणत, "अहो, शेजारीण आत आली तरी हात वर करता. काय म्हणेल ती?"

मग गुडघे गेले, म्हणोन दौलतीचे धनी जे सरकार, त्यांणी रावांस प्रशिक्षकपदाची वस्त्रे दिधली आणि मैदानाकाठी चुन्याच्या चौकटीत उभे केले. ते साली दैव फिरले आणि अखेरची लढाई उरली. जिंकल्यास वरच्या वर्गात राहावे, न जिंकल्यास दौलतीने खालच्या वर्गात उतरावे आणि रावांनी घरी बसावे, ऐसे ठरले. रावांनी हाताचा स्वभाव ओळखोन तो कोटाचे खिशात कोंडिला.

नव्वद मिनिटे सरली, बरोबरी सुटेना, आणि मग आपला शिलेदार इबान शत्रूच्या फळीमागे निसटला आणि चेंडू जाळ्यात घातला. चाळीस हजार माणूस एकमेकांचे गळा पडले, आणि राव पाहतात तो आपला उजवा हात आकाशी उभा. डाव्याने ओढिला, उतरेना. समोर रेषेवर फुल्हेन्सिओपंत होते. त्यांणी हात पाहिला आणि निशाण उचलिले. गोल बाद जाहला. राव धावत गेले आणि म्हणाले, "पंत, हे काय केलेत? गोल आमचा होता."

पंत निशाणाकडे पाहात म्हणाले, "राव, तुमचा हात दिसला. माझा आपोआप उठला."

दुसरे दिवशी वर्तमानपत्री चित्र आले, त्यांत इबानाचा बूट फळीच्या दोन बोटे पुढे. राव ते घेऊन सरकारांपुढे गेले आणि अर्ज केला, "सरकार, तो पुढेच होता. पंतांनी न्याय केला."

सरकार म्हणाले, "असेल. पण राव, आजवर कधी ते पाहून हात उचलला होतात?"

रावांनी चित्राची घडी करोन खिशात घातली. वस्त्रे उतरवोन ते घरी गेले.

तात्पर्य, वीस वर्षांत हात एकदा खरे बोलला आणि दौलत खालच्या वर्गात गेली. पुतळा तेवढा राहिला आहे. त्यास हल्ली शत्रूपक्षाचे लोक येऊन हार घालितात.