ताईंना खुर्ची हवी आहे

वाचनालयाच्या देवघेव विभागातल्या ताई कॅन्सरच्या उपचारांनंतर कामावर रुजू झाल्या, तेव्हा त्यांची एकच मागणी होती : बसायला एक खुर्ची. मागणी गंभीर होती, हे मान्यच करावे लागेल. कारण तिथे पुस्तकांची देवघेव पहिल्यापासून उभ्यानेच चालत आली होती. बसलेला कर्मचारी पेंगतो आणि न पेंगलाच तर पुस्तके वाचू लागतो, असा संस्थापकांचा सिद्धांत होता. म्हणून काउंटरच असा उंच बांधला होता की त्यामागे बसलेले माणूस पुढून दिसूच नये.

डॉक्टरांनी पथ्येही फार सांगितली नव्हती. "जमेल तेवढं चाला, रुचेल ते खा, आणि दमलात की बसा. लाजायचं नाही," एवढेच ते म्हणाले होते. पहिल्या दोन गोष्टी ताईंना घरी जमत होत्या. तिसरी वाचनालयाच्या हद्दीत येत होती.

रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांचा सत्कार ठेवला होता. काउंटरच्या वर भिंतभर फलक लागला होता : 'ती पुन्हा उभी राहिली!' ग्रंथपालांनी अख्खे भाषण 'कॅन्सर' हा शब्द न उच्चारता केले. 'तो प्रसंग', 'ते वळण' असे म्हणताना ते दर वेळी छताकडे बघत, त्यामुळे मागच्या रांगेतल्या लोकांचा समज झाला की ताई छतावरून पडल्या होत्या. सगळे खुर्च्यांवर बसले होते. सत्कारमूर्ती सर्वांना दिसावी म्हणून ताईंना तेवढे उभे केले होते. त्यांच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि पुष्पगुच्छ वजनदार होता.

"मी जरा बसू का?" त्यांनी अखेर विचारले.

सभागृहात प्रचंड हशा झाला आणि टाळ्याही पडल्या. "विनोदबुद्धी कशी शाबूत आहे बघा!" असे म्हणून ग्रंथपालांनी पुढच्या वक्त्याला बोलावले.

दुसऱ्या दिवशी ताई ग्रंथपालांच्या खोलीत गेल्या.

"सर, मला खुर्ची हवी आहे."

ग्रंथपालांनी स्वतःच्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "कोणाची?"

"कोणाचीही चालेल."

"हे कधीपासून मनात आहे तुमच्या?"

"केमो सुरू झाल्यापासून."

"आणि पाठीशी कोण आहे?"

"पाठीशी काही नसलं तरी चालवून घेईन, सर. टेकायला असेल तर बरं, इतकंच."

ग्रंथपालांना घाम फुटला. इतकी वर्षे उपग्रंथपाल त्या खुर्चीवर डोळा ठेवून होते, तो डोळा त्यांच्या सवयीचा झाला होता. पण देवघेव विभागाने तोंडावर येऊन खुर्ची मागावी, हे नवीन होते. 'ताईंना खुर्ची हवी आहे' ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळघरातल्या बांधणी विभागात पोहोचली. बांधणीवाले म्हणाले, आजारपणात माणसाला विचार करायला वेळ मिळतो, तो असा.

घरी नवऱ्याने तोडगा काढला. "मागतेस कशाला? आपलं स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन जा."

स्टूल गेले आणि जप्त झाले, कारण वाचनालयाच्या डेडस्टॉकमध्ये, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, त्याची नोंद नव्हती. ताईंनी ते वाचनालयाला देणगी म्हणून दिले. देणगी साभार स्वीकारण्यात आली आणि स्टुलावर कुंडी ठेवण्यात आली.

दरम्यान फलकाची कीर्ती पसरली होती. लोक पुस्तक न बदलताही ताईंना बघायला येऊ लागले. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिचे निदान नुकतेच झाले होते. "बघ, कशा खंबीर उभ्या आहेत!" ते म्हणाले आणि ताईंचा फोटो नीट यावा म्हणून मागे मागे सरकत पार मासिकांपर्यंत गेले.

ती बाई काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "पाय दुखत नाहीत का हो तुमचे?"

"दुखतात. अकरा वाजले की नुसता भुगा होतो. तुम्ही बसा ना."

"कुठे?"

ताईंनी इकडे तिकडे बघितले आणि काउंटरची फळी उचलून तिला आत घेतले. दोघी फरशीवर बसल्या, कपाटांना पाठ टेकून, पाय पसरून.

"घरी सगळे मला लढ म्हणतात," ती बाई म्हणाली. "सासू म्हणते, भाऊ म्हणतो, खालचा दुकानदारसुद्धा म्हणतो. 'बस' असं कोणीच म्हणत नाही."

उपचारांत ताई फारशा रडल्या नव्हत्या. त्या फरशीवर बसून त्या पोटभर रडल्या आणि मग दोघींना कशाचे तरी हसू आले. कित्येक महिन्यांत त्यांना इतके बरे वाटले नव्हते.

गृहस्थ परतले तेव्हा काउंटरमागे कोणीच दिसेना. त्यांनी तक्रार केली : "उभ्या बाई दाखवायला म्हणून मी बायकोला आणलं, तर यांनी तिलाही बसवलं!" तक्रार रास्त होती. फलकावर लिहिले होते एक आणि आत घडत होते दुसरेच. ग्रंथपालांनी ताईंना समज दिली की त्यांचे उभे राहणे आता खासगी राहिलेले नसून संस्थेच्या प्रतिष्ठेशी निगडित आहे.

संध्याकाळी उपग्रंथपाल कपाटाआडून आले. "ताई, आमचा पाठिंबा आहे. पण खुर्ची अशी मागून मिळत नाही. त्यासाठी उभं राहावं लागतं."

"मग इतके दिवस मी काय करतेय?"

"तसं नाही हो. निवडणुकीला. कर्मचारी संघटनेचं अध्यक्षपद रिकामं आहे. अध्यक्षाला हक्काची खुर्ची असते. हातांची, गादीची, गोल फिरणारी."

गादीची म्हटल्यावर ताई उभ्या राहिल्या. साक्षात 'त्या वळणा'वरून आलेल्या बाईविरुद्ध उभे राहण्याची कोणाची छाती झाली नाही. ताई बिनविरोध निवडून आल्या आणि खुर्ची खरोखरच आली. चामड्याची होती, पाठ उंच होती, तिला टेकून माणूस खुशाल झोपले असते.

पण नव्या कार्यकारिणीची पहिली सभा भरली. सभेत ठरले की ज्यांची थोरवी उभे राहण्यात आहे, त्यांना बसवणे हा त्यांचा अपमान होईल. सबब ही खुर्ची फलकाखाली काचेच्या कपाटात ठेवावी आणि तिच्यावर पाटी लावावी : 'ताईंची खुर्ची. कृपया बसू नये.' ठराव एकमताने मंजूर झाला. ताईंनी विरोधात हात वर केला होता, पण त्या उभ्याच असल्यामुळे तो हात आभाराचा धरण्यात आला.

ताई अजूनही काउंटरवर असतात. हे वाचून आपले मन भरून आले असेल, उठून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असेही वाटले असेल. अवश्य वाजवा. फक्त उठण्यापूर्वी आपल्या खुर्चीवर रुमाल टाकायला विसरू नका. ताई जवळच उभ्या आहेत.