लिंकपुरती जबाबदारी

लिंक देणे म्हणजे बोट दाखवणे. दाखवलेल्या रस्त्यावर खड्डा निघाला, तर त्याला बोट जबाबदार नसते. या तत्त्वावर गुरुग्रामच्या एका उंच इमारतीतून एक मराठी बातम्यांची वेबसाइट चालते. तेथे प्रत्येक लिंकची कसून तपासणी होते: ती निळी दिसते का आणि दाबल्यावर उघडते का. (उघडल्यावर वाचण्याच्या कामावर अजून नेमणूक झालेली नाही.)

या कसोटीला दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या गुलाबरावांची छोटी वेबसाइट उतरली. त्यांनी लिहिले होते, 'पानिपतच्या वाटेवरील या विहिरीवर मराठ्यांनी घोड्यांना पाणी पाजले, असे ढाबेवाला सांगतो. मला खात्री नाही.' बातमी आली: 'मराठ्यांची विहीर सापडली, अभ्यासकाचा दावा'. (शंका लिंकमध्ये सुरक्षित होती.)

गुलाबरावांनी बातमी पुन्हा वाचली. त्यांनी आयुष्यात भाजीवाल्याकडेसुद्धा कसला दावा केला नव्हता. ढाबेवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "कुआँ तो पिताजी ने खुदवाया था, अंकलजी. आप महाराष्ट्र के थे, सोचा अच्छा लगेगा."

मग धीर करून त्यांनी वेबसाइटच्या संपादक क्षिप्रा यांना गाठले.

"काका, तुम्ही तुमचं पान दुरुस्त करा ना," त्या म्हणाल्या. "आमची लिंक तिथेच जाते. म्हणजे आमची बातमी आपोआप दुरुस्त."

तर्क इतका स्वच्छ होता, की गुलाबरावांनी आभार मानले. पानाच्या माथ्यावर ठळक लिहिले: विहीर ढाबेवाल्याच्या वडिलांची आहे.

बातमी लाखभर लोकांनी वाचली. लिंक तीनदा उघडली गेली. (दोनदा गुलाबराव, एकदा त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई, त्याही नवऱ्याने तगादा लावला म्हणून.)

रविवारी कॉलनीच्या मंडळाने विहिरीवर सहल नेली. गुलाबरावांच्या गळ्यात हार पडला. आता गप्प बसलो तर खोटे आपल्या नावावर कायमचे चढेल, एवढे त्यांना कळत होते.

"ही विहीर मराठ्यांची नाही," ते कसेबसे म्हणाले. "मी तसं लिहिलंय."

मंडळाच्या इंद्रजितने मोबाइल पुढे केला. "काका, तुम्ही फार विनयशील. बिल्कुल पक्की बातमी आहे. खाली लिंकसुद्धा दिलीय."

"ती उघड ना."

"उघडायची कशाला? लिंक आहे म्हणजे पुरावा असणारच."

सर्वांनी चपला काढून विहिरीला नमस्कार केला. कुसुमावतीबाईंनीही केला. (एवढ्या लांब आल्याच होत्या.)

सहलीची बातमी फोटोसह आली. फोटोत मागच्या रांगेत गुलाबरावही हात जोडून उभे आहेत. ते माफी मागत होते. बातमी तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही आली होती, आणि तुम्ही उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र पाठवलेत.