सोपानआबा वायर घेतात

नगरच्या दुकानात सोपानआबांनी नेटची वायर दाढेखाली धरून कचकन चावली, तेव्हा काउंटरमागचा माणूस मागं सरकला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. काष्टीत त्यांच्या शेजारी राहून मला याची सवय झाली आहे. पण परगावी जरा लाज वाटतेच.

आबांची उमर घोडेगावच्या बाजारात बैल पारखण्यात गेली. आता बैल राहिले नाहीत, गोठ्यात दोन जर्सी गाई तेवढ्या आहेत, पण पारख काही सुटली नाही. कुकर घेतला तर शिट्टी तोंडानं वाजवून बघतात. खुर्ची घेतली तर तिच्यावर उभे राहतात. "चालवून दाखवा" हे त्यांचं पालुपद. एकदा टोपी घेतानाही तसंच म्हणाले, आणि दुकानदार बिचारा ती डोक्यावर घालून दारापर्यंत चालून आला.

वायरीचं निघालं ते वैशालीमुळं. ही आबांची एकुलती एक लेक. दोन-अडीच वर्षांपूर्वी सासरहून एक बॅग घेऊन आली, ती परत गेली नाही. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. आई आधीच गेलेली. पुढं तिला पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळालं. विमा काढलेल्या लोकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, समजूत काढायची. गाई हंबरल्या की फोनवर ऐकू जायचं, म्हणून आबांनी अंगणापलीकडची खोली तिला साफ करून दिली. पण नेटचा डबा राहिला घरात. मधे जाड भिंत आणि पत्र्याचा गोठा. वायफाय तिथवर पोचेना, आवाज तुटायला लागला. कंपनीनं कळवलं, वायर ओढून घ्या, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या दारात. "मास्तर, गाडी काढा. नगरला जायचंय." दौंड जवळ आहे, हे मी सांगून पाहिलं. आबा म्हणाले, "दौंडात बघायला मिळत न्हाई. नुसतं घ्यायला मिळतं."

कोणती वायर घ्यायची, हे वैशालीनं मला नीट समजावलं होतं: कॅट सिक्स, म्हणजे सहा नंबरची, आतली तार शुद्ध तांब्याची आणि वरचं वेष्टण उन्हापावसात टिकणारं. तेवढं सांगून पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो. पण लेक म्हणते म्हणून आबा थोडेच घेणार!

दुकानदारानं पहिलं बंडल पुढं केलं. आबांनी ते हातात तोललं. चेहरा पडला. "हलकं हाय." मग वेष्टण चावून, सोलून आतली तार बाहेर काढली आणि अडकित्त्यानं खरवडली. तांबूस रंगाखाली पांढरं दिसलं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

"शिंगं रंगवून उभं केलंय व्हय," आबा म्हणाले.

दुकानदार आधी चिडला, मग हसला आणि त्यानं आतून दुसरं बंडल आणलं. "हे आठ नंबरचं घ्या बाबा. याच्यावर काही नाही."

"आठ?" आबांनी मान हलवली. "आठ दात झाले की बैल जुळला, वयानं पुरा झाला. मग उतारच. सहादाती जनावर उमेदीचं. सहाच द्या."

घरच्या कामाला सहा नंबर भरपूर होतो, आठाची तिथं काही गरज नसते. म्हणजे हिशोब बैलाच्या दातांचा आणि निकाल बरोबर! दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा कॅलेंडरकडं.

येताना आबा मांडीवर बंडल घेऊन बसले होते. श्रीगोंदा मागं पडल्यावर म्हणाले, "मास्तर, जन्मात एकच सौदा दुसऱ्याच्या भरवशावर केला. मधला मानूस म्हनला, घरदार चांगलंय, पोरगा चांगलाय. म्या म्हनलं, व्हय."

 

वायर त्यांनी स्वतः टाकली. ठिबकची कोरी नळी आणून तिच्यातून ओवली आणि गोठ्यामागून खोलीपर्यंत पुरली. आवाज तुटायचा थांबला. तेव्हापासून आबा दुपारभर खोलीच्या दाराशी पोतं टाकून शेंगा फोडत बसू लागले. गावात म्हणायचे, म्हातारा वायर राखतोय. मीही एकदा तसंच विचारलं.

"वायरीला काय धाड भरलीय!" आबा हळूच म्हणाले. "आल्यापसनं पोरगी हाय-न्हाई एवढंच बोलायची. आता बघा, परक्याशी का हुईना, बोलती. कधी हसतीसुदिक. म्या ऐकत बसतो."

पुढं एका संध्याकाळी मी दूध आणायला गेलो, तर आबा शेंगा तशाच टाकून खोलीच्या उंबऱ्यात उभे होते.

"वैशे, मगाशी कोनाला नो म्हनलीस?"

"कुणाला नाही, आबा. कंपनीतलं होतं."

"बाकी इंग्रजी कळत न्हाई मला. नो कळतं. पुन्याचं नाव पन ऐकलं."

वैशालीनं कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. नव्या मुलींना शिकवायला तिला पुण्याला बोलावत होते. पगार वाढणार होता, पद वाढणार होतं. "मलाच नाही जायचं," ती म्हणाली. "इथं बरंय. आता वायरही चांगली आहे."

"वायर म्या तुला काम करायला आनली. बांधून घालायला न्हाई."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय! दोन गाई हायती, मास्तर हायेत." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "जाऊन बघ. न्हाई जमलं तर माघारी ये. कोनाला इचारायचं न्हाई, सांगायचं न्हाई, सरळ यायचं. पहिल्या टायमाला धाडली तवा हे सांगायचं राह्यलं माझं. म्हनून तू तितं इतकी वर्षं काढलीस."

वैशाली त्यांच्याकडं बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी किटली घेऊन तसाच घरी आलो.

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं ती गेली. बसवायला आबा आणि मी दोघं होतो. आबांनी खिडकीतून शेंगांची पिशवी आत दिली, कंडक्टरला दोनदा सांगितलं, "पोरगी शिवाजीनगरला उतरनार हाय." गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी ते तिथंच उभे.

"चला आबा," मी म्हणालो. "गाई वाट बघत असतील."

"चला की," ते म्हणाले, पण हलले नाहीत. मग उपरण्यानं तोंड पुसत समोरच्या टपरीकडं बघितलं.

"मास्तर, घाई न्हाई ना तुमाला? च्या घिऊ. आत्ता घरात पाय टाकायचं लई जिवावर आलंय."