वास बोलावणारा माणूस

चिकोंडी चहाचा वास थेट घेत नाही. कप टेबलावर ठेवतो, कपावरून तळहात हलकेच आपल्याकडे ओढतो, आत कुणी बसलंय आणि त्याला हा बाहेर बोलावतोय, असा. मग डोळे मिटून मान हलवतो आणि पितो. भजी, मोगरा, भिजलेली वही, सगळ्यांना हाच नियम. "नाक पुढं नाय न्यायचं गो," तो मला समजावतो, "वासाला बोलवायचा."

हा सव्वासहा फुटी माणूस आफ्रिकेतल्या मलावीचा. रोह्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला आला. मराठी शिकला ती प्रयोगशाळेतल्या पार्वतीमावशींकडून, आणि मावशी पेणजवळच्या गडब गावच्या, आगरी बोलणाऱ्या. त्यामुळे तो प्राध्यापकांनाही "जेवलाव काय?" असं विचारतो आणि समोर बाई दिसली की वाक्याला 'गो' लावतो. विभागप्रमुख बाईंनाही एकदा लावला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "जेवले."

कँटीनमध्ये चहा संपला की ग्लास स्वतः विसळणार आणि उलटा ठेवणार. कँटीनवाला कंटाळला होता. "अरे, मी धुतो ना बाबा." त्यावर चिकोंडी गंभीरपणे सांगायचा, "तू एकदाच धुतोस. तीनदा पायजे."

आता माझं. मी पेणपलीकडच्या जिते गावाहून रेल्वेनं येते, विद्यार्थी संघटनेत काम करते आणि पत्रकं लिहिते. मला अन्याय लांबूनही दिसतो. एका दुपारी चिकोंडी प्रयोगशाळेमागच्या मोरीवर दिसला, बाह्या वर सारून काचेची भांडी घासताना. माझं डोकं फिरलं. समुद्रापलीकडून शिकायला आलेल्या माणसाला हे लोक भांडी घासायला लावतात? परतीच्या गाडीतच पत्रक लिहिलं आणि पेणला उतरून झेरॉक्स काढल्या. 'पाहुण्याच्या हाती घासणी देणाऱ्या प्रशासनाला जाब विचारा.' 'जाब' मी मुद्दाम जाड अक्षरात घेतला होता.

प्राचार्य घाबरले. दोनच दिवसांनी सकाळी हुकूम लागला, चिकोंडीचं काम बंद, प्रयोगशाळेच्या भांडारात पाऊल टाकायचं नाही. आम्ही कँटीनमध्ये भजी वाटली. एक पुडी घेऊन मी चिकोंडीला हुडकायला गेले, तर तो भांडाराच्या कुलपाखाली पायरीवर बसलेला.

"जिंकलो आपण," मी म्हणाले.

"काय गो, मला इचारलास?"

"तुझ्यावर अन्याय होत होता."

"व्हय," तो म्हणाला. "आज सकाळपासून होतोय."

भज्यांचा वास त्यानं बोलावला नाही. तेव्हा मला कळलं, काहीतरी चुकलंय.

तेवढ्यात पार्वतीमावशी आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच काय गो ती पत्रकवाली? तोंड बरा चालतो तुजा. कान कुटं ठेवलेस?"

मी तोंड उघडलं, पण त्यांचं झालं नव्हतं. "त्याला कुनी लावला नाय कामाला. पयले दोन म्हयने हा कुनाशी बोलला नाय. पोरं यायची, याच्यासंगती फोटो काढायची नि जायची. एकदा पानी प्यायला आला. मी भांडी धूत होते, तर बघत उबा ऱ्हायला. दुसऱ्या दिवशी परत उबा. तिसऱ्या दिवशी म्हटलं, उबाच ऱ्हानार हायस तर धर ही बाटली. तवापासून माझा चिकू झालाय. आता पुढल्या हप्त्याला धाटावची रसायनांची कंपनी येतेय मानसं निवडायला. त्यांना हातानं काम केलेला लागतो. हा काय दाखवनार, तुजा कागद?"

मी भज्यांची पुडी पाठीमागं लपवली.

"बाकी ऱ्हाऊ दे," चिकोंडी म्हणाला. "आत माझी एक बाटली हाय. तेवढी तरी काढून दे." कसली बाटली, ते काही सांगेना.

संघटनेत सगळं शिकवतात, माफीचं पत्रक काढायला शिकवत नाहीत. मित्र म्हणाले, असं केलं तर पुढच्या वेळी आपल्याला कोण घाबरेल? मी तरीही काढलं. 'आम्ही त्याला विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. भांडार उघडा.' एवढंच. जाड अक्षर एकही नाही. खाली माझी सही, चिकोंडीची आणि मावशींची. प्राचार्यांनी ते उभ्यानंच वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली मावशींच्या हातात दिली. माझ्या हातात द्यायला काही ते तयार नव्हते.

मुलाखतीला कंपनीच्या साहेबांनी बिनलेबलची बाटली पुढं सरकवली. त्याच्या वर्गातल्या दोघा हुशारांनी बूच काढून नाक खुपसलं. साहेबांनी दोघांनाही बाहेर मोकळ्या हवेत पाठवलं. चिकोंडीनं बाटली लांब धरली, तळहात दोनदा ओढला. "अमोनिया. बूच लावून ठेवा, साहेब." एवढ्यावर थांबेल तर चिकोंडी कसला? साहेबांचा पाण्याचा रिकामा ग्लास उचलून तो बेसिनकडे गेला, तीनदा विसळला आणि त्यांच्यापुढं उलटा ठेवला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

चिकोंडीनं दाराकडे बोट केलं. दाराआड मावशी कान लावून उभ्या होत्या. त्यांच्यामागं मी.

परीक्षा झाली की तो धाटावला रुजू होणार, पहिल्या शिफ्टला. मावशी आत्तापासूनच अख्ख्या बसला सांगत सुटल्यात.

मुलाखतीच्याच दुपारी तो मला भांडारात घेऊन गेला. सगळ्यात वरच्या फळीवर, त्याचाच हात पोचेल अशा कोपऱ्यात, काचेचं बूच लावलेली बाटली होती. लेबलवर गोल गोल मराठी अक्षरं: 'घर. उघडून लगेच बंद करावे.' आत सुकी मासळी, बोटाएवढी. त्याच्या गावच्या तळ्यातली, निघताना आईनं बांधून दिलेली. एकही खाल्लेली नव्हती.

"रोज उघडली तर वास संपल," तो म्हणाला. "म्हनून फक्त शनिवारी."

तो मंगळवार होता. त्यानं बूच काढलं आणि बाटली माझ्यापुढं धरली. मी सवयीनं नाक पुढं केलं. त्यानं एका बोटानं माझं कपाळ मागं सारलं.

"बोलव गो," तो म्हणाला. "लांबून आलाय तो."