हवालदार तात्यांची कळलावी

आमच्या शेजारचे हवालदार तात्या कुणाच्याही घरी गेले की समोर आलेल्या बशीला आधी प्रश्न विचारतात, "ह्याची वळख?" म्हणजे हे काय आहे, कुठून आणलं, निवडलं कुणी. एकदा माझ्या बायकोनं अळूवडी दिली, तर स्वयंपाकघरात जाऊन उरलेली पानं बघून आले आणि मगच तोंडात घातली. सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भाजीवाल्याची मेथी अजून त्यांच्यापुढे परेड करते.

आमची वसाहत साताऱ्यात डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या कुंपणापलीकडे रान सुरू होतं आणि पावसाळ्यात तिथे कळलावी फुलते. खाली पिवळी, टोकाला लालभडक. दिसायला देखणी आणि कंदापासून बीपर्यंत विषारी. तात्या रोज सकाळी जाऊन तिची विचारपूस करतात. माणसांची एवढी करत नाहीत, हे मी स्वानुभवानं सांगतो.

गेल्या श्रावणात वसाहतीत पाण्याच्या मोटारीवरून दोन घरांत जुंपली. कळलावी दाराशी असली की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडे मानतात. झालं, बैठक बसली आणि सगळे वेल उपटायचं ठरायला लागलं. तात्या उठले.

"मोटार कुणी चालू ठेवली? त्यांनी. शिव्या कुणी दिल्या? ह्यांनी. आन् कोर्टमार्शल हिचं?"

मग आख्खी बैठक त्यांनी कुंपणाशी नेली. वेलाच्या पानांवर काळ्या अळ्या होत्या, अंगावर पांढरे-तांबडे ठिपके.

"शेळीसुदिक हिला तोंड लावत न्हाई. पन ह्यांची मेस हितंच हाय. ह्यांचं म्होरं पाखरू हुतंय. अंगात इख हाय म्हणून ही रानात टिकलीया, न्हाईतर जनावरांनी कवाच खाऊन संपिवली आसती."

"ते खरं, तात्या," समोरच्या सुमनताई म्हणाल्या. "पन आमची पोरं हायत. उद्या एखाद्यानं खाल्लं म्हंजे?"

वाद अर्ध्यावर सोडताना मी तात्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. उत्तर मागून आलं, त्यांच्या बायकोकडून, कधीही बैठकीला न येणाऱ्या इंदूकाकूंकडून.

"मी खाल्लीया."

सगळे वळले. काकू शांतपणे सांगायला लागल्या.

"शिवरात्रीचा उपास हुता. हे सुट्टीवर आल्यालं. गावाकडं रानाच्या बांधाला खणताना कंद गावला. येल वाळून ग्येलेला, फूल न्हाई, पान न्हाई. रताळं समजून ह्यांनी हौसंनं उकडून दिलं. पंधरा दिस मी दवाखान्यात हुते. वाचले, पन डोस्क्याचा केस न् केस ग्येला. त्यात हिचा काय दोष? ती काय माझ्या ताटात चालत आली न्हवती. वळखणारं कुनी न्हवतं, एवढंच."

तात्या जमिनीकडे बघत उभे होते. ते स्वतः उपास धरत नव्हते, त्या दिवशी भाकरी खाल्ली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

वेल उपटले नाहीत. कुंपणाला जाळी बसली, पाटी लागली. दर रविवारी तात्या वसाहतीतल्या पोरांना तिथे ओळीनं उभं करतात आणि फूल, शेंग, वाळका वेल, नांगरासारखा दोन फाट्यांचा कंद, सगळं लांबूनच दाखवतात. सुमनताईंची मुलगी आता बाजारात प्रत्येक रताळं उलटंपालटं करून बघते. भाजीवाला वैतागतो, सुमनताई नाही.

काकूंचे केस परत आले, चांगले दाट आले. आता पांढरे झालेत. रोज सकाळी अंगणात तात्या त्यांची वेणी घालतात, हे मला आमच्या खिडकीतून दिसतं. काकूंचे हात दुखत असतील, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. परवा नीट पाहिलं. विंचरून झालं की तात्या कंगवा उन्हात धरतात आणि त्यात अडकलेले केस बराच वेळ बघत राहतात.

"आवं, वयाचं हाय ते," काकू मान न वळवता म्हणाल्या. "घाला येणी."