शिकायत नहीं, तो पोहा नहीं

मोघेकाकांनी ‘कसा आहेस?’ विचारल्यावर चुकूनही ‘ठीक’ म्हणू नये. ‘‘ठीक म्हणजे काय? झोप लागते? पोट साफ होतं? घरात कोण कोणाशी बोलत नाहीये?’’ आमच्या नेहरू नगरात लोक त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलतात. दूधवाल्याची एकदा बायकोशी झालेलं भांडण सांगितल्यावरच सुटका झाली.

गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस पेन्शनमधून काही मुलांची कॉलेजची फी भरतो. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, अशी मुलं. त्यांनी मार्क दाखवायचे नाहीत, पाया पडायचं नाही. दर रविवारी घरी यायचं आणि एक तरी तक्रार करायची. ‘‘शिकायत नहीं, तो पोहा नहीं!’’

मुलंही बेरकी. समोशात बटाटा कमी, पंखा खडखडतो, असल्या तक्रारी वाटेतच ठरवून आणतात. मी शेजारी, पोह्यांवर शेव घालायच्या कामावर. काका त्या पंख्याची अशी कसून चौकशी करतात की मला हसू आवरत नाही.

गेल्या रविवारी बाकीची मुलं खाऊन गेल्यावर सुनीता आली. वडील गवंडी, ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला.

‘‘सब ठीक है, दादाजी.’’

‘‘द्या की काका तिला पोहे, गार होतायत,’’ मी म्हटलं.

काकांनी बशी बाजूला सारली आणि दुखरे गुडघे मोडून तिच्यासमोर जमिनीवर बसले. ‘‘ठीक मतलब क्या, बेटा?’’

ती रडायलाच लागली. वर्गात सगळं इंग्रजीत, काही कळत नव्हतं. नापास झाली होती. घरी सांगायची हिंमत नव्हती.

‘‘कल तालाब पे गई थी,’’ ती म्हणाली. ‘‘फिर लौट आई.’’

माझ्या हातातली शेव तशीच राहिली.

काकांनी तिला एकटीला सोडलं नाही. वडिलांना बोलावलं, डॉक्टरांकडे सोबत गेले. माझ्या बायकोनं तिला आमच्याकडेच ठेवून घेतलं.

संध्याकाळी काका ओट्यावर बसून म्हणाले, ‘‘पहिला मुकेश होता. त्याची मी नुसती फी भरायचो. फोन केला की म्हणायचा, सब ठीक है, अंकल. मला बरं वाटायचं. शेवटच्या फोनवरही तेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवरून कळलं, त्यानं जीव दिला.’’

पंख्याच्या चौकशीला मी इतके दिवस हसत होतो.

आज सकाळी ऑफिसला निघालो तर काका फाटकाशी उभे. ‘‘कसे आहात, काका?’’

‘‘ठीक.’’

मी स्कूटर स्टँडवर लावली. ‘‘ठीक म्हणजे काय?’’

ते फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिले. मग खाली बघत म्हणाले, ‘‘झोप लागत नाही रे. मुकेश गेल्यापासून.’’

‘‘चला,’’ मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे पोहे झालेत.’’