एकटी शिंक

आमच्या जळगावच्या कॉलनीत, शेजारचे नाना घराबाहेर पडताना कोणी शिंकायचं नाही असा अलिखित नियम आहे. आलीच तर दुसरीही यावी. दोन शिंका नानांना चालतात. एकटी आली की ते फाटकातून परत फिरतात, चप्पल काढतात, पाणी पितात आणि घटकाभर खुर्चीत बसतात. एकदा दाताच्या डॉक्टरकडे निघालेले नाना सुजलेला गाल धरून असे तीनदा बसले होते.

नाना डाळ मिलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटेच. मुंगूस दिसलं की खूश, "कुठे निघालात?" असं कोणी विचारलं की दिवस वाया. समजूत घालायला जावं तर अहिराणीत उत्तर ठरलेलं, "बठ्ठं शकुनवर शे भाऊ." म्हणजे सगळं शकुनावरच.

मला याची फार मजा वाटायची. वय पन्नाशीचं, अक्कल बेताची. मी रुमाल लावून खोटं शिंकायचो, नाना परत फिरायचे आणि बायको माझ्याकडे डोळे वटारून बघायची.

त्या सकाळी नाना पिशवीभर भरताची वांगी घेऊन पाचोऱ्याला निघाले होते, थोरल्या बहिणीकडे. अक्कांनी ऐंशी ओलांडलेली. त्यांचा मुलगा त्यांना दुपारी मोटारीने धुळ्यावरून सुरतेला नेणार होता, कायमचं. हे मला ठाऊक होतं. तरी शिंकलो. घटकाभर बसतील आणि पुढच्या बसने जातील, असं वाटलं.

नाना बसले ते उठेचनात. शेवटी मीच गेलो. "नाना, अक्कांकडे जायचं नाही का?"

"आज ती निंघनार शे. शिंक लिसन तिना दारले कसा जाऊ? तिना प्रवासले लागी जाई."

शिंक घेऊन गेलं तर अक्कांच्या प्रवासाला अपशकुन होईल, ही त्यांची भीती. ती शिंक खोटी होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घरी परत आलो, आणि दुपार टळून गेली.

दुसऱ्या दिवशी नाना भरताचा डबा घेऊन आमच्या दारात उभे. "अक्का सुखरूप पोहचनी. तुन्ही शिंक कामले उनी भाऊ," अशी शाबासकी देत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. फोनवर अक्का फार रडल्या, हे सांगताना मात्र ते डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

बायकोने माझ्या ताटात भरीत वाढलं आणि आत गेली. ती वांगी अक्कांची होती. शरमेनं घास तोंडात फिरत होता, पण नानांना खरं सांगण्यापेक्षा तो गिळणं सोपं होतं.